मातीच्या थरांत रंगरेणू: प्रकल्प नोंदी, ताळगाव पठार, मे ते सप्टेंबर २०२४

२ मे

यजमान, म्हणजे ज्याच्या थरांत रंगरेणू बसवायचा तो पदार्थ, ठरला: लॅपोनाइट आरडी. ही कारखान्यात बनवलेली मॅग्नेशियम सिलिकेटची माती. तिच्या चकत्या साधारण २५ नॅनोमीटर व्यासाच्या आणि जेमतेम १ नॅनोमीटर जाडीच्या असतात. थरातल्या काही मॅग्नेशियमच्या जागी लिथियम बसलेलं असल्याने चकतीच्या सपाट बाजूंवर ऋणभार राहतो आणि दोन चकत्यांमधले सोडियम आयन तो भागवतात. या सोडियमच्या जागी धनभारित रंगरेणू बसवायचा, एवढंच काम आहे.

नैसर्गिक मॉन्टमोरिलोनाइट (अशाच थरांची खनिज माती) स्वस्त पडतं, पण त्यातलं लोह प्रकाश खातं आणि प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकणं, मारतं. पठारावरची लाल माती घ्यायची का, हा प्रश्न दर नवीन विद्यार्थी विचारतो, म्हणून इथेच नोंद: जांभ्याच्या मातीत मुख्यत्वे केओलिनाइट आणि लोहाचे ऑक्साइड असतात. केओलिनाइटचे थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरलेले असतात, पाण्यात उघडत नाहीत, आणि त्यांच्यावरचा भारही नगण्य. पाहुण्याला आत शिरायला दारच नाही.

 

पाहुणा, म्हणजे आत बसवायचा रंगरेणू (डाय): ऱ्होडामाइन ६जी. मिथिलीन ब्लूचाही विचार झाला. पण तो मातीवर अगदी कमी प्रमाणातही गठ्ठे करतो, ६६४ नॅनोमीटरचा एकट्या रेणूचा पट्टा ६१०कडे आणि पुढे ५७०कडे सरकतो. गठ्ठे ओळखायला तो चांगला, गठ्ठे टाळायचे असतील तर डोकेदुखी.

६ मे

मातीचं द्रावण. ९९.५ ग्रॅम डी-आय, म्हणजे आयन काढलेलं, पाणी (वाहकता १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीखाली) प्लास्टिकच्या बीकरमध्ये घेऊन जोरात ढवळायचं, भोवरा पडला की ०.५ ग्रॅम पावडर चाळणीने भुरभुरायची. एकदम टाकली की गोळे होतात, बाहेरून जेल आणि आत कोरडी पावडर, आणि ते गोळे दिवसभर फुटत नाहीत. अर्ध्या तासात द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. रात्रभर ढवळून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं. पीएच ९.८. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या कॅल्शियमने चकत्या एकत्र येतात. २ टक्क्यांच्या वर गेलं तर काही तासांत किंवा दिवसांत जेल होतं आणि ओतता येत नाही, म्हणून ०.५ टक्क्यावरच थांबलो.

पावडरचं वजन फसवं असतं. डबा उघडा राहिलेल्या पावडरीचा नमुना ११०° सेल्सिअसला रात्रभर ठेवल्यावर वजन ११ टक्के घटलं. म्हणजे ०.५ ग्रॅम म्हणून घेतलेली माती प्रत्यक्षात ०.४४५ ग्रॅम, आणि पुढचे सगळे हिशेब तेवढेच चुकणार. दर तोलाच्या दिवशी एक नमुना ओव्हनमध्ये ठेवायचा आणि घट धरून पावडर जास्त घ्यायची. कोरड्या मुलखातल्या कृती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचं पहिलं कारण हेच.

९ मे

लोडिंगचा, म्हणजे मातीत किती डाय घालायचा याचा, हिशेब. आयन-विनिमय क्षमता, म्हणजे सीईसी, ०.७५ मिलि-इक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम धरली. कोरडी माती ०.५ ग्रॅम असेल तर ०.३७५ मिलिमोल जागा. त्यातल्या १ टक्का जागा भरायला ३.७५ मायक्रोमोल डाय. स्टॉक १ मिलिमोलर (रेणुभार ४७९, म्हणून १०० मिलित ४७.९ मिग्रॅ), म्हणजे ३.७५ मिलि. १० टक्क्यांना ३७.५ मिलि लागतात आणि त्याने माती ०.५ टक्क्यावरून ०.३६ टक्क्यावर उतरते. तेव्हा काचेवर मातीची पातळ फिल्म ओतताना आकारमान तितकं वाढवायचं.

नेहमी डाय मातीत टाकायचा, माती डायमध्ये नाही. उलट केलं तर पहिल्या चकत्यांवर डायची झुंबड उडते, त्यांचे गुलाबी लोळ खाली बसतात आणि नंतर कितीही ढवळलं तरी डाय सगळ्या चकत्यांवर सारखा वाटला जात नाही. ब्युरेटने मिनिटाला अर्धा मिलि, जोरात ढवळत. घाई केलेली १० टक्क्यांची एक बॅच टाकून द्यावी लागली.

तयार वाळलेल्या फिल्मला डायच्या पाण्यात बुडवण्याचा सोपा मार्ग लॅपोनाइटला लागू नाही. शुद्ध पाण्यात फिल्म फुगते आणि दहा मिनिटांत काच सोडून पाण्यात विरघळल्यासारखी पसरते. पाणी आणि इथेनॉल सम प्रमाणात घेतलं तर टिकते, पण डाय खोलवर सारखा पोचला की नाही याची खात्री राहत नाही. म्हणून आधी मिसळून मग ओतणं हीच पद्धत ठरवली.

१४ मे

काच: २५ × २५ मिमी. अल्कधर्मी डिटर्जंटमध्ये १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक, तीनदा डी-आय, ६०° सेल्सिअसच्या ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिनिटं, पुन्हा धुऊन ११०° सेल्सिअसला वाळवणं. परीक्षा एकच: पाणी अखंड पदरासारखं पसरलं पाहिजे. थेंब जमले तर काच परत धुवायची. धुतलेली काच त्याच दिवशी वापरायची.

१ मायक्रॉन जाडी हवी. घनता २.५ धरली तर दर चौ. सेंमीला ०.२५ मिग्रॅ, ६.२५ चौ. सेंमीला १.५६ मिग्रॅ, म्हणजे ०.५ टक्के द्रावणाचे ०.३१ मिलि. काचेवर तो पाण्याचा अर्धा मिलिमीटर उंच थर होतो. टेबल लेव्हलने तपासून घ्यायचं. एका कोपऱ्याखाली कागदाची घडी घातली तरी फरक पडतो.

२१ मे

१ टक्क्याची फिल्म: शोषणाचा कळस ५३२ नॅनोमीटरला, उंची ०.२४. गणित काय म्हणतं? दर चौ. सेंमीला १.८७५ नॅनोमोल डाय, मोलर शोषणगुणांक सुमारे १.१ लाख, म्हणजे ०.२१. मिळालेलं मूल्य थोडं जास्त आहे आणि ते जास्तच असायला हवं: रेणू चकतीवर आडवे पडले तर समोरून येणाऱ्या प्रकाशाला ते इकडेतिकडे विखुरलेल्या रेणूंपेक्षा जास्त ठळक दिसतात, पूर्ण आडवे असतील तर दीडपट. शोषणगुणांक द्रावणातलाच धरला आहे, हे लक्षात ठेवायचं.

५०० नॅनोमीटरच्या खांद्याचं (कळसाशेजारच्या फुगवट्याचं) कळसाशी गुणोत्तर ०.४२. एकट्या रेणूच्या स्पेक्ट्रमलाही तिथे खांदा असतो, म्हणून खांदा दिसला एवढ्यावरून डायमर (दोन रेणूंचा गठ्ठा) म्हणायचं नाही. तो वाढला तर म्हणायचं.

प्रतिदीप्ती मोजताना फिल्मचा लंब उत्तेजक किरणापासून ३०° वर ठेवायचा. ४५° वर ठेवली तर आरशासारखं परावर्तन थेट डिटेक्टरमध्ये जातं. शोषण ०.१च्या वर गेलं की उत्सर्जन पुन्हा स्वतःच्याच डायमध्ये शोषलं जाऊन कळस लाल बाजूला सरकतो. ५ टक्क्यांच्या फिल्मला ८ नॅनोमीटर सरक दिसली, पातळ करून पाहिल्यावर त्यातली ५ नॅनोमीटर नाहीशी झाली.

१२ जून

पाऊस सुरू झाल्यापासून ओतलेल्या १ टक्क्याच्या सहाही फिल्मचं गुणोत्तर ०.५५ ते ०.६३. उत्सर्जन निम्म्यावर. बाटली तीच, काच तीच, हात तेच.

पहिला संशय डाय खराब झाल्याचा. पण प्रकाशाने डाय जळला तर सगळा पट्टा खाली बसतो, नुसता खांदा वर येत नाही. दुसरा संशय महिनाभर ठेवलेल्या द्रावणाचा: हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून पीएच ९च्या खाली गेला की लॅपोनाइटमधलं मॅग्नेशियम सुटायला लागतं. पीएच ९.६ निघाला. ताजं द्रावण करूनही खांदा तसाच.

उरलं पाणी.

१८ जून

बरण्या लावल्या. संपृक्त मिठांवरची हवा ३०° सेल्सिअसला अशी आर्द्रता धरते: लिथियम क्लोराइड ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३२, सोडियम ब्रोमाइड ५६, सोडियम क्लोराइड ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४, पोटॅशियम सल्फेट ९७. बरणीत मीठ पाण्यात बुडालेलं नको, ओल्या रवाळ लापशीसारखं हवं. नुसतं द्रावण उरलं तर ते संपृक्त आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

सोडियम क्लोराइडच्या बरणीसाठी कुणीतरी मिठागराचं मीठ आणलं. जेवणाला उत्तम, बरणीला नाही. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं (पावसाळ्यात ते पाझरतं ते म्हणूनच) आणि त्यामुळे वरची आर्द्रता ७५च्या खाली राहते. हायग्रोमीटरने ७० दाखवलं. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं मीठ घातल्यावर ७५.

मे महिन्यातल्या, डिसिकेटरमध्ये ठेवलेल्या फिल्म ८४च्या बरणीत तीन दिवस ठेवल्या. गुणोत्तर ०.४२वरून ०.४५. परत ११ टक्क्यांत ठेवल्यावर ०.४२. जूनच्या फिल्म ११ टक्क्यांत आठवडाभर ठेवल्या: ०.६१वरून ०.५९, बस. म्हणजे आजची आर्द्रता गुन्हेगार नाही. फिल्म वाळताना जे झालं ते कायमचं झालंय.

२७ जून

थरांतलं अंतर मोजायला एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), तांब्याची किरणं (०.१५४ नॅनोमीटर), ३°पासून. ११ टक्क्यांतल्या फिल्मचा फुगवटा ७.०°च्या आसपास, म्हणजे थरांतलं अंतर १.२६ नॅनोमीटर: पाण्याचा एक थर. ८४ टक्क्यांतल्याचा ५.९°, १.५ नॅनोमीटर: दोन थर. कोरड्या मातीचं अंतर ०.९६ असतं. चकत्या इतक्या लहान आणि रास इतकी बुटकी की कळस रुंदच येणार, दशांशाच्या दुसऱ्या अंकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

नमुना बरणीतून काढल्यापासून दहा मिनिटांत तो खोलीच्या हवेशी जुळवून घेतो. म्हणून बरणीतच पातळ पॉलिथिनने झाकून मग यंत्रात ठेवायचा. पॉलिथिनचे स्वतःचे कळस २१°च्या पुढे, इकडे अडचण नाही.

मे आणि जूनच्या फिल्म एकाच आर्द्रतेत ठेवल्या तर अंतर सारखंच येतं. फरक अंतरात नाही, डायच्या वाटपात आहे. २ मिमीच्या छिद्राचा मुखवटा लावून घेतलेले स्पेक्ट्रम सगळं सांगून गेले: जूनच्या फिल्मच्या मध्यभागी गुणोत्तर ०.५०, कडेला ०.७१.

आता जुळतं. मे महिन्यात ०.३१ मिलि वाळायला साधारण १४ तास लागले, जूनमध्ये ८८ टक्के आर्द्रतेत ५० तासांच्या वर. जितका वेळ फिल्म अर्धओली, तितका वेळ कडेकडे वाहणारा प्रवाह चालू आणि डायला चकतीवरून चकतीवर सरकून सोबती गाठायला मुभा. कॉफीच्या डागाची कड गडद होते तेच, फक्त इथे कडेला रंगच नाही, गठ्ठेही जमतात.

८ जुलै

वाळवण्याची पेटी. १२ लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा, तळाला ५०० ग्रॅम सिलिका जेल, वर जाळी, संगणकातला १२ व्होल्टचा पंखा भिंतीकडे तोंड करून, हायग्रोमीटर आत. पंखा सरळ फिल्मवर सोडला की पृष्ठावर लाटा वाळतात. झाकणाची फट कमी-जास्त करून ५५ ते ६० टक्के आर्द्रता धरली. वाळायला १२ ते १४ तास, गुणोत्तर ०.४३. मे महिना डब्यात मिळाला.

आणखी घाई करू नये. ३५ टक्क्यांवर पाच तासांत वाळवलेल्या फिल्मला तडे गेले, कडा साल सुटल्यासारख्या वर आल्या. वरचा पापुद्रा आधी आखडतो, खालची माती अजून फुगलेली असते.

सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की १२०° सेल्सिअसला तीन तास. या दिवसांत दोन खेपांनंतरच गुलाबी होतं, म्हणून दोन संच.

१० जुलै

चार चांगल्या फिल्म गेल्या. २२° सेल्सिअसच्या एसी खोलीतून उघड्या थाळीत व्हरांड्यात आणल्या. बाहेर २८° सेल्सिअस आणि ९० टक्के, दवबिंदू २६°. काचेवर क्षणात दव धरलं आणि प्रत्येक थेंबाखाली फिल्म विरघळून देवीच्या व्रणांसारखे खड्डे. बाहेर न्यायच्या फिल्म बंद डब्यात ठेवून डबा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, निदान अर्धा तास, उघडायचा नाही. वीज जाऊन एसी बंद पडला तरी हाच नियम.

१९ जुलै

पेटीने १ टक्का सुधारला, ५ आणि १० टक्क्यांना फारसा उपयोग नाही. तिथे रेणू एकमेकांना सापडतातच.

यावर दोन रस्ते माहीत आहेत. टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या ताकागी आणि इनोउए यांच्या गटाने पॉर्फिरिनवर दाखवलेला रस्ता सुंदर आहे: कृत्रिम सॅपोनाइट मातीवरचे ऋणभार सरासरी १.२ नॅनोमीटरवर, आणि चार धनभार असलेल्या पॉर्फिरिनमधले भारही जवळपास तितक्याच अंतरावर. प्रत्येक रेणू आपापल्या चार खुंट्यांवर बसतो आणि जागा जवळजवळ पूर्ण भरल्या तरी गठ्ठे होत नाहीत. ऱ्होडामाइनला एकच भार. एका खुंटीवर टांगलेला रेणू फिरणार, शेजाऱ्याकडे झुकणार.

दुसरा रस्ता: मधल्या जागा लांब शेपटीच्या साबणरेणूंनी भरून टाकायच्या. स्पेनमधल्या बिल्बाओच्या लोपेस आर्बेलोआ गटाने ऱ्होडामाइन आणि लॅपोनाइटवर तो वापरलेला आहे. डोडेसिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, रेणुभार ३०८. ०.५ ग्रॅम मातीला ३० टक्के सीईसी म्हणजे ०.११२ मिलिमोल, ३४.७ मिग्रॅ, २० मिलि पाण्यात विरघळवून थेंबथेंब, डायच्या आधी. सोळा कार्बनांचा सीटीएबी घेतला असता तर एसी खोलीत तो २५°च्या खाली स्फटिक होऊन बाटलीत बसला असता. बारा कार्बनांना ती अडचण नाही.

विनिमयात सुटलेलं सोडियम ब्रोमाइड काढलंच पाहिजे, नाहीतर फिल्मवर पांढरे ठिपके येतात आणि दमट हवेत ते पाझरतात. डायलिसिसची नळी (१२ ते १४ हजार डाल्टन), ४८ तास, सहा वेळा पाणी बदलून. चकत्या नळीतून जात नाहीत. फुगणाऱ्या द्रावणासाठी नळीचा पाव भाग रिकामा ठेवायचा, पहिली नळी ठेवला नव्हता म्हणून गाठीपाशी सुटली.

५ टक्के डाय: शेपट्यांशिवाय ०.६६, ३० टक्के शेपट्यांसह ०.४९, उत्सर्जन सुमारे तिप्पट. ७० टक्क्यांवर द्रावण दुधाळ झालं आणि फिल्म धुरकट. मध्ये ५० टक्के अजून करायचं आहे.

५ ऑगस्ट

रेणूचा कल. फिल्म ६०° तिरपी करून उभ्या आणि आडव्या ध्रुवणात शोषण घेतलं. आडवं भागिले उभं: ०.८५५.

सूत्र: गुणोत्तर = cos²δ + २ cot²ψ sin²δ. ψ म्हणजे शोषण-अक्षाचा फिल्मच्या लंबाशी कोन, δ म्हणजे फिल्मच्या आत किरणाचा त्याच लंबाशी कोन. ५४.७°ला गुणोत्तर कायम १ येतं, म्हणजे सर्व दिशांना विखुरलेले रेणू आणि ५४.७°वर झुकलेले रेणू यांत या मोजणीला फरक कळत नाही. सगळ्यात जास्त चूक δमध्ये होते. काच ६०° फिरवली तरी फिल्मच्या आत किरण वाकतो. अपवर्तनांक १.५ धरला तर आतला कोन ३५.३°. तो घातला की ψ ६२° येतो. ६०°च घातले तर ५७.६°, आणि ‘रेणू जवळजवळ विखुरलेले’ असा चुकीचा निष्कर्ष कागदावर उतरतो.

बेसलाइन डाय नसलेल्या त्याच जाडीच्या मातीच्या फिल्मची, त्याच तिरपेपणात, प्रत्येक ध्रुवणात वेगळी. ६०°वर उभ्या ध्रुवणाचं पहिल्याच पृष्ठावर जवळपास १८ टक्के परावर्तन होतं, आडव्याचं अर्ध्या टक्क्याहून कमी. हवेची बेसलाइन घेतली तर हा फरक शोषण म्हणून मोजला जातो.

पडताळा: ६२° कलाला समोरून शोषण १.५ sin²ψ, म्हणजे १.१७ पट. ०.२०६ गुणिले १.१७ बरोबर ०.२४. मे महिन्यातला आकडा. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, मोजणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

२० ऑगस्ट

ऋणभारित डायसाठी उलट भाराचा यजमान: मॅग्नेशियम-अल्युमिनियम दुहेरी हायड्रॉक्साइड, २:१, नायट्रेट रूप. एक्सआरडीत कळस ९.९°ला, थरांतलं अंतर ०.८९ नॅनोमीटर. मिथिल ऑरेंज घालायच्या आधीच, उघड्या बीकरमध्ये चार दिवसांत ११.६°ला दुसरा कळस, ०.७६: कार्बोनेट आत बसला. तो एकदा बसला की डायने सहजी उठत नाही. पाणी १५ मिनिटं उकळून, नायट्रोजनखाली थंड करून, बाटल्या काठोकाठ भरूनच हे काम जमेल. ग्लोव्ह बॅग येईपर्यंत बाजूला.

५ सप्टेंबर

चवथीची सुटी, आठ-दहा दिवस कुणी नाही. फिल्म मॅग्नेशियम क्लोराइडच्या बरणीत, अंधारात. ११ टक्क्यांत नाही: फार कोरड्यातून एकदम दमट हवेत आल्या की जाड फिल्म कडेला सुटतात. ध्रुवक आणि लेन्स सिलिका जेलच्या डब्यात. गेल्या पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरली होती आणि तिने कोटिंग खाल्लं. स्पेक्ट्रोमीटरच्या नमुनाकक्षात जेलची पुडी, दारावर तशी चिठ्ठी. नाहीतर पुडीसकट बेसलाइन घेतली जाते.

१७ सप्टेंबर

बरण्या उघडल्या. पेटीत वाळवलेली १ टक्का: ०.४३, जशी ठेवली तशी. शेपट्यांची ५ टक्के: ०.५०. जूनची, तुलनेसाठी ठेवलेली: ०.५९. वाळवण-पेटीत ५० टक्के शेपट्यांच्या सहा काचा ओतल्या, आर्द्रता ५७, झाकणाची फट दोन बोटं.